बोलण्याचा हक्क, ऐकण्याची सोय

अमेरिकेत लोक राजकारणावर, इतिहासावर, विज्ञानावर एवढे मोकळेपणाने कसे बोलू लागले, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर म्हणजे संविधानाची पहिली दुरुस्ती. १७९१ साली ती अमलात आली, तिने भाषणाला, छापखान्याला, सभेला आणि सरकारकडे अर्ज करण्याला संरक्षण दिले, आणि पुढचे सगळे ओघाने घडत गेले, असे सांगितले जाते. हे उत्तर पुराव्याला टिकत नाही. ती दुरुस्ती शब्दशः फक्त काँग्रेसला, म्हणजे केंद्रीय कायदेमंडळाला बांधणारी होती. राज्य सरकारांनाही ती लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने गिटलो खटल्यात मान्य करायला १९२५ साल उजाडले. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे इलिनॉयमधल्या किंवा मॅसॅच्युसेट्समधल्या वक्त्याला त्याच्या राज्याने गप्प केले, किंवा गावच्या जमावाने व्यासपीठावरून खाली खेचले, तर या दुरुस्तीचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. आणि खुद्द काँग्रेसने तरी ती किती पाळली? १८३६ ते १८४४ या काळात गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेशिवाय बाजूला ठेवण्याचा मुस्कटदाबीचा नियम प्रतिनिधिगृहात चालू होता आणि माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स त्याविरुद्ध एकहाती झुंजावे तसे झुंजत होते. गंमत अशी की नेमक्या याच वर्षांत गावोगावची सार्वजनिक चर्चा कधी नव्हे इतकी भरभराटीला आली होती. कायद्याचे छत्र इतके तोकडे असताना ती जगली कशी, हा खरा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की तिला मंडळांनी, वर्गण्यांनी, वेळेच्या नियमांनी आणि सभागृहांनी जगवले. आपले मत न पटणारा माणूस तासभर शांत बसून ऐकेल, अशी सोय लोकांनी हाताने उभी केली. ती कोणी उभी केली, तिचे पैसे कोणी दिले आणि तिच्या दाराबाहेर कोणाला ठेवले, हा या चर्चेचा खरा इतिहास आहे.

त्याचा एक आरंभ १७२७ सालच्या फिलाडेल्फियात सापडतो. एकवीस वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिनने आपल्यासारख्याच होतकरू कारागिरांचे एक मंडळ काढले आणि त्याला जंटो असे नाव दिले. काचा बसवणारा, मोजणी करणारा, चपला शिवणारा, सुतार, नकलनवीस अशी माणसे शुक्रवारी संध्याकाळी जमत. प्रत्येकाने आपली पाळी आली की नीती, राजकारण किंवा निसर्गविज्ञान यांतला एखादा प्रश्न मांडायचा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचायचा. ठरावीक चोवीस प्रश्न दर बैठकीत विचारले जात आणि एकेका प्रश्नानंतर पेला भरून रिकामा करण्याइतकी उसंत ठेवलेली असे. मला यातला एक नियम सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ‘हे असेच आहे’ अशा ठाम सुरात बोलायला आणि दुसऱ्याचे म्हणणे तोंडावर खोडून काढायला तिथे बंदी होती आणि ती मोडणाऱ्याला थोडा दंड भरावा लागे. कर्ज, धंदा आणि घरसंसार यांत बुडालेली ही तरुण माणसे स्वभावतः मवाळ असतील असे मानायला काही आधार नाही. सौजन्य त्यांनी नियमात लिहून ठेवले आणि नियमाला पैशांचा धाक जोडला. याच गटातून १७३१ साली वर्गणीवर चालणारे ग्रंथालय निघाले, कारण वाद घालताना पुराव्यासाठी पुस्तके हाताशी लागतात हे बैठकीत बसणाऱ्यांना रोज जाणवत होते.

जंटो हे मूठभरांचे बंद मंडळ होते. त्याचे दार गावासाठी उघडले ते शंभर वर्षांनी. जोसाया होलब्रुक या शिक्षकाने १८२६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या मिलबरी या गावी पहिले लायसियम स्थापन केले. नाव ॲरिस्टॉटलच्या अथेन्समधल्या शाळेवरून घेतलेले, पण मामला अगदी गावठी होता. शेतकरी, कारागीर, शिक्षक, वकील यांनी हिवाळ्यात, शेतीची कामे थंडावली की आठवड्यातून एकदा जमायचे, कोणीतरी भूगर्भावर, वाफेच्या यंत्रावर, शाळांच्या सुधारणेवर बोलायचे, दुसऱ्या आठवड्याला त्याच गावातल्या दोन गटांनी एखाद्या प्रश्नाच्या दोन बाजू मांडायच्या. होलब्रुक स्वतः शाळांसाठी पृथ्वीगोल, ग्रहमालेच्या प्रतिकृती, खनिजांचे नमुने विकत असे, तेव्हा चळवळीत त्याचा धंद्याचा हिशेबही होता. त्यात मला वावगे काही दिसत नाही. आठ-दहा वर्षांत देशभर अशी सुमारे तीन हजार मंडळे झाल्याचा अंदाज दिला जातो. काँकर्डचे लायसियम १८२९ चे, सेलमचे १८३० चे. राल्फ वाल्डो इमर्सनने धर्मोपदेशकाची नोकरी सोडली आणि पुढची चाळीसेक वर्षे या व्यासपीठांवर सुमारे पंधराशे व्याख्याने दिली. त्याचे बहुतेक निबंध आधी श्रोत्यांसमोर घासूनपुसून मग छापायला गेले. हेन्री डेव्हिड थोरोने गुलामगिरी आणि मेक्सिकोवरचे युद्ध चालवणाऱ्या सरकारला कर द्यायचे नाकारले आणि १८४६ च्या जुलैत एक रात्र तुरुंगात काढली. हे का केले, याची गावात कुजबुज चालली, तेव्हा त्याने १८४८ च्या जानेवारीत काँकर्डच्या लायसियममध्ये उभे राहून शेजाऱ्यांना कारण समजावून सांगितले. सविनय कायदेभंगावरचा तो जगप्रसिद्ध निबंध मुळात गावकऱ्यांनी मागितलेल्या खुलाशाचे उत्तर होता. आणि ज्या सभागृहात नीतीची अशी चर्चा होई, त्याच तऱ्हेच्या सेलमच्या सभागृहात १२ फेब्रुवारी १८७७ रोजी अलेक्झांडर ग्रॅहम बेलने टेलिफोनवरून अठरा मैलांवरच्या बॉस्टनमधल्या आपल्या सहकाऱ्याचा आवाज भरल्या सभेला ऐकवला. विज्ञान आणि राजकारण यांसाठी वेगळी दालने तेव्हा नव्हती. एकाच बाकावर बसून लोक दोन्ही ऐकत.

पैशाचा प्रश्न इथेच येतो, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत पोहोचतो. बॉस्टनचा जॉन लॉवेल हा न्यू इंग्लंडच्या सूतगिरण्या उभारणाऱ्या फ्रान्सिस कॅबट लॉवेलचा मुलगा. पत्नी आणि दोन्ही मुली अल्पावधीत गेल्यावर तो प्रवासाला निघाला. इजिप्तमध्ये आजारी पडला असताना, लक्झरच्या अवशेषांत बसून त्याने १८३५ साली आपल्या मृत्युपत्रातल्या तरतुदी पक्क्या केल्या आणि पुढे तांबड्या समुद्रातून येऊन १८३६ च्या मार्चमध्ये मुंबईत तापाने वारला. त्याने आपली निम्मी मालमत्ता, सुमारे अडीच लाख डॉलर, बॉस्टनकरांना व्याख्याने ऐकवण्यासाठी ठेवली होती. अटी विचार करून घातलेल्या होत्या. यातला पैसा इमारत बांधण्यात घालायचा नाही आणि दरवर्षी उत्पन्नाचा दहावा भाग मुद्दलात टाकत राहायचा. मंडळे विटा-चुन्यात पैसे घालून बसतात आणि मग वक्त्याला द्यायला काही उरत नाही, हे या व्यापारी घराण्यातल्या माणसाने ओळखलेले दिसते. पहिली व्याख्यानमाला १८४० च्या सुरुवातीला येल कॉलेजच्या बेंजामिन सिलिमन यांनी भूगर्भशास्त्रावर दिली. गर्दी इतकी लोटली की प्रत्येक व्याख्यान दोनदा द्यावे लागले. पृथ्वीचे वय बायबलमधल्या कालगणनेपेक्षा फार मोठे आहे, हा तेव्हाचा सर्वांत नाजूक विषय. सिलिमन स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती, त्यामुळे तो विषय त्यांनी जपून मांडला. पाठोपाठ इंग्लंडहून चार्ल्स लायेल आले, १८४६ मध्ये स्वित्झर्लंडहून लुई अगासी आले आणि अमेरिकेतच राहिले.

आता या पैशाची दुसरी बाजू पाहायला हवी, कारण ती टाळली तर सगळे वर्णन खोटे पडेल. लॉवेल घराण्याच्या गिरण्यांत पिंजला जाणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला होता. त्या गिरण्यांत दिवसाचे बारा-तेरा तास उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुली संध्याकाळी लॉवेल शहरात व्याख्यानांना जात, स्वतःचे मासिक चालवत, आणि १८४५ साली त्यांच्यातल्याच सारा बॅग्ली यांनी दहा तासांच्या दिवसासाठी राज्याच्या विधिमंडळ समितीपुढे साक्ष दिली. बोलण्याची सवय मालकांना अपेक्षित नसलेल्या दिशेने गेली ती अशी. अगासींचा मार्ग उलटा होता. जीवाश्म आणि हिमनद्यांवर थक्क करणारे बोलणारा हा शास्त्रज्ञ मानववंश वेगवेगळे निर्माण झाले असे सांगू लागला आणि गुलामगिरीच्या समर्थकांना विज्ञानाची ढाल मिळाली. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टनने कवट्या मोजून तिला आकडे पुरवले. या मांडणीला उत्तर कोठून आले? १२ जुलै १८५४ रोजी ओहायोतल्या वेस्टर्न रिझर्व्ह कॉलेजात फ्रेडरिक डग्लस उभे राहिले. गुलामीत जन्मलेल्या, चोरून अक्षरओळख करून घेतलेल्या या माणसाने मॉर्टन आणि अगासी यांच्या मंडळींची पुस्तके वाचून त्यांची तपासणी मांडली. यांच्या चित्रांत युरोपीय माणूस नेहमी सर्वांत देखणा आणि आफ्रिकी माणूस नेहमी सर्वांत हिडीस का निवडलेला असतो, असा त्यांचा एक मुद्दा होता. नमुना निवडतानाच निष्कर्ष ठरला आहे, ही आजच्या संशोधकाला सहज सुचणारी हरकत त्यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या सभेत घेतली. विज्ञानावरची चर्चा प्रयोगशाळेतल्या मंडळींपुरती राहिली असती, तर ही हरकत घेणाऱ्याला कोणी आत येऊ दिले नसते.

सभागृह म्हणजे किती ठिसूळ गोष्ट असते, हे फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया हॉलच्या चार दिवसांच्या आयुष्यात दिसते. गुलामगिरीविरोधी मंडळींना शहरात भाड्याने जागा मिळेना, म्हणून त्यांनी वीस-वीस डॉलरचे भाग विकले. सुमारे दोन हजार माणसांनी ते घेतले, चाळीस हजार डॉलर जमले आणि गॅसच्या दिव्यांचे, प्रशस्त सज्जे असलेले सभागृह उभे राहिले. तळमजल्यावर गुलामांच्या श्रमाशिवाय तयार झालेला माल विकणारे दुकान होते. १४ मे १८३८ रोजी उद्‌घाटन झाले. सर्व विषयांच्या खुल्या चर्चेसाठी ही जागा आहे, असे व्यवस्थापकांनी जाहीर केले होते. १६ तारखेच्या संध्याकाळी अँजेलिना ग्रिमके बोलायला उभ्या राहिल्या. दक्षिण कॅरोलिनातल्या गुलाममालक न्यायाधीशाची ही मुलगी, दोनच दिवसांपूर्वी तिचे लग्न झालेले. बाहेर जमलेला जमाव दगड मारत होता, खिडक्यांच्या काचा आत पडत होत्या, आणि त्या तासभर बोलत राहिल्या. दगडांचा प्रत्येक आवाज त्यांनी आपल्या युक्तिवादात पुरावा म्हणून वापरला. दक्षिणेतली वृत्ती उत्तरेत पोहोचली आहे, ती पाहा, असे त्या म्हणत होत्या. सभा संपल्यावर गोऱ्या आणि काळ्या बायका हातात हात घालून बाहेर पडल्या. १७ तारखेला महापौरांनी सभागृहाला कुलूप लावले, आता इथे सभा होणार नाही, घरी जा, असे जमावाला सांगितले आणि ते स्वतः निघून गेले. त्या रात्री जमावाने दारे फोडून आग लावली. बंबवाल्यांनी शेजारच्या घरांवर पाणी मारले, सभागृह जळू दिले. ज्या शहरात स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि संविधान लिहिले गेले, त्याच शहरात हे घडले. त्या आगीत पहिल्या दुरुस्तीचा भंग झाला असे कोणा न्यायालयाला म्हणता आले नसते, कारण आग सरकारने लावलेली नव्हती.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ज्या सोयीचे मी कौतुक करतो आहे ती गोऱ्या, प्रॉटेस्टंट, खाऊनपिऊन सुखी लोकांची होती. मग तिला देशाची चर्चा कशी म्हणायचे? आक्षेप खरा आहे आणि त्याला कागदोपत्री आधार आहे. फ्रेडरिक डग्लस गुलामीतून पळून ज्या न्यू बेडफर्ड गावात पहिल्यांदा मोकळेपणी राहिले, तिथल्याच लायसियमने १८४५ साली काळ्या माणसांना सभासद करायचे नाकारले आणि त्यांना सज्जात बसायला सांगितले. इमर्सन आणि चार्ल्स समनर यांनी त्या लायसियममध्ये बोलायला जायचे साफ नाकारले. त्याच वर्षी काँकर्डमध्ये वेंडेल फिलिप्स यांना गुलामगिरीवर बोलायला बोलवावे की नाही यावर एवढी जुंपली की विरोध करणाऱ्या चालकांनी राजीनामे दिले आणि इमर्सन-थोरो यांच्या हाती कारभार गेला. बायका बहुतेक ठिकाणी श्रोत्या म्हणून चालत, वक्त्या म्हणून नाही. पण ज्यांना बाहेर ठेवले ते गप्प बसले नव्हते. फिलाडेल्फियातल्या काळ्या नागरिकांनी १८२८ मध्येच स्वतःचे वाचनमंडळ काढले होते, १८३१ मध्ये काळ्या स्त्रियांचे साहित्यमंडळ आणि १८३३ मध्ये स्वतंत्र ग्रंथालय झाले. तिथे निबंध वाचले जात, वाद होत, त्यांचे वृत्तांत गुलामगिरीविरोधी पत्रांत छापून येत. १८३२ च्या सप्टेंबरमध्ये बॉस्टनच्या फ्रँकलिन हॉलमध्ये मरिया स्ट्यूअर्ट या काळ्या विधवेने स्त्री-पुरुषांच्या मिश्र सभेत राजकीय भाषण केले, तेव्हा अमेरिकेत जन्मलेल्या फारच थोड्या स्त्रियांनी तसे धाडस केले होते. म्हणजे गोऱ्यांच्या सभागृहाने उदार होऊन दार उघडले आणि चर्चा रुंदावली, असा क्रम नाही. बाहेर ठेवलेल्यांनी तीच हत्यारे, म्हणजे वर्गणी, नियम, निबंध, अध्यक्ष, वापरून आपली सभागृहे बांधली आणि तिथे तयार झालेले वक्ते मग मोठ्या व्यासपीठावर जाऊन उभे राहिले. आक्षेपाने माझे म्हणणे कोसळत नाही, उलट पक्के होते: सोय ज्याच्या हाती, चर्चा त्याची.

दुसरा आक्षेप वर्तमानपत्रांचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेइतकी वर्तमानपत्रे कुठेच निघत नव्हती, मग सभागृहांचे एवढे कशाला? याचे उत्तर १८५८ सालच्या इलिनॉयमध्ये आहे. सिनेटच्या जागेसाठी अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सात गावांत सात वाद झाले. पहिल्याने एक तास बोलायचे, दुसऱ्याने दीड तास, मग पहिल्याने अर्धा तास उत्तर द्यायचे. पुढच्या गावी क्रम उलटा. ओटावा गावी सुमारे दहा हजार माणसे उघड्यावर तीन तास उभी राहिली. शिकागोची दोन पत्रे आपापले लघुलेखक घेऊन हजर होती. रिपब्लिकन पत्रात लिंकनची वाक्ये घडीव यायची आणि डग्लसची विस्कटलेली. डेमोक्रॅट पत्रात नेमके उलट. घरी बसून एकच पत्र वाचणाऱ्याला विरोधी बाजूचा माणूस अडखळणाराच वाटत असणार. मैदानात उभ्या असलेल्याला मात्र दोन्ही बाजू सारख्याच आवाजात ऐकाव्या लागल्या. लिंकनला हे कळले होते. त्याने कात्रणवहीत स्वतःची भाषणे रिपब्लिकन पत्रातून आणि डग्लसची डेमोक्रॅट पत्रातून काढून चिकटवली, दोघांनाही आपापल्या मित्रांच्या लेखणीतून बोलू दिले, आणि १८६० मध्ये तीच वही पुस्तक म्हणून छापली गेली. ही त्या वादांतली मला सर्वांत मोलाची वाटणारी कृती. वादांत सगळे उदात्त होते असे नाही. चार्ल्सटन गावी लिंकनने काळ्यांना सामाजिक आणि राजकीय समता देण्याच्या बाजूने आपण नाही, असे स्वच्छ सांगितले, आणि ऐकणाऱ्यांतल्या मतदारांत एकही काळा माणूस नव्हता. पण हाच लिंकन वीस वर्षांपूर्वी, १८३८ च्या जानेवारीत, स्प्रिंगफिल्डच्या तरुणांच्या लायसियममध्ये झुंडशाहीविरुद्ध बोलला होता. त्याच्या जेमतेम अडीच महिने आधी आल्टन गावी इलायजा लव्हजॉय या संपादकाला जमावाने गोळ्या घातल्या होत्या आणि त्याचा छापखाना नदीत टाकला होता. वादमालेतला शेवटचा वाद त्याच आल्टनमध्ये झाला.

एवढी चर्चा होऊनही यादवी युद्ध टळले नाही, सहा लाखांहून अधिक माणसे मेली, मग तिचा उपयोग काय, असे विचारता येईल. मी उलट विचारतो: चर्चा बंद कोठे होती? १८३५ च्या जुलैत दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात गुलामगिरीविरोधी पत्रकांची टपाल पिशवी फोडून तिची होळी केली गेली. दक्षिणेत अशी पत्रके बाळगणे गुन्हा ठरत गेले, लायसियमची चळवळ तिथे नीट रुजलीच नाही. १८५६ च्या मे महिन्यात प्रतिनिधिगृहाचे सभासद प्रेस्टन ब्रुक्स यांनी सिनेटच्या दालनात शिरून गुलामगिरीविरुद्ध बोललेल्या समनर यांना काठीने रक्तबंबाळ केले, आणि दक्षिणेतून ब्रुक्सना भेट म्हणून नव्या काठ्या आल्या. उत्तरही निर्दोष नव्हती. १८६० च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनच्या ट्रीमाँट टेंपलमधली गुलामगिरीविरोधी सभा जमावाने उधळली. आठवड्याच्या आतच फ्रेडरिक डग्लस यांनी त्याच शहरात दुसऱ्या सभागृहात उत्तर दिले. वक्त्याचे तोंड दाबले की दुहेरी अन्याय होतो, वक्त्याच्या हक्काइतकाच श्रोत्याचा हक्कही हिरावला जातो, अशी त्यांची मांडणी होती. श्रोत्याला हक्क असतो, हा विचार इतक्या स्पष्टपणे तोवर फार थोड्यांनी मांडला होता आणि तो मांडणारा माणूस आयुष्यभर सभागृहाच्या दारांशी झगडलेला होता, हे योगायोगाने घडलेले नाही.

या चर्चेची फळे पुण्या-मुंबईपर्यंत आली, तीही सोयीच्याच रूपाने. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती तिथल्या दास्यमुक्तीच्या लढ्यासाठी. पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियात उतरल्या आणि पुढे दोन-अडीच वर्षे देशभर व्याख्याने देत हिंडल्या. श्रोत्यांनी हळहळून घरी जावे एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. १८८७ च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले, गावोगावी रमाबाई मंडळे निघाली, सभासदांनी दहा वर्षे वर्गणी देण्याचे वचन दिले, आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात त्यांनी तिथल्या स्त्रियांच्या संस्था, त्यांची कामाची पद्धत, त्यांचा शिस्तशीर कारभार यांचे वर्णन मोठ्या आस्थेने केले, आणि काळ्यांना व मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही लपवली नाही. बोलण्यामागे संघटना उभी असते हे बाहेरून आलेल्या या बाईंना चटकन दिसले, ते त्या स्वतः तिकिटावर, आमंत्रणावर, वर्गणीवर जगत असल्यामुळेही असेल.

युद्धानंतर सभागृहाचा कारभार हळूहळू धंदेवाल्यांकडे गेला. जेम्स रेडपाथ या गुलामगिरीविरोधी पत्रकाराने १८६८ मध्ये बॉस्टनला वक्त्यांची नेमणूक करून देणारी कचेरी काढली. गावच्या मंडळाची पत्रापत्री वाचली, वक्त्यांना पुरेसे पैसे मिळू लागले, मार्क ट्वेनसारखे लेखक गावोगावी गेले. १८७४ मध्ये न्यू यॉर्क राज्यात शटॉक्वा तळ्याकाठी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू झाले, १८७८ मध्ये त्यांनी घरबसल्या चार वर्षांचा वाचनक्रम काढला, आणि १९०४ पासून त्याच नावाने फिरते तंबू निघाले. एका गावी आठवडाभर व्याख्याने, गाणी, नकला, मग तंबू गुंडाळून आगगाडीने पुढचे गाव. तिकिटे खपली नाहीत तर भरपाई करण्याची हमी गावच्या व्यापाऱ्यांनी आधी लिहून द्यायची असे. लाखो शेतकरी कुटुंबांना जगाचे वारे लागले ते या तंबूत, आणि त्याची किंमत मी कमी लेखत नाही. पण जुन्या लायसियममधला दुसरा पक्ष इथे हरवला. तंबूत एक वक्ता असे आणि उत्तर द्यायला कोणी नसे. विल्यम जेनिंग्ज ब्रायन हा तंबूंचा सर्वांत लाडका वक्ता. उत्क्रांतिवादावरचा राग तो अशा बिनविरोध सभांत वर्षानुवर्षे मांडत आला. १९२५ च्या जुलैत टेनेसीतल्या डेटन गावी शिक्षक जॉन स्कोप्सवर डार्विन शिकवल्याचा खटला झाला, तेव्हा ब्रायनला पहिल्यांदाच बचाव पक्षाचा वकील क्लॅरेन्स डॅरो याच्या उलटतपासणीला तोंड द्यावे लागले. लॉवेलच्या सभागृहात सिलिमननी शांतपणे मांडलेला पृथ्वीच्या वयाचा प्रश्न पंचाऐंशी वर्षांनी न्यायालयाच्या हिरवळीवर, हार-जितीच्या भाषेत आला. निकालानंतर पाच दिवसांत ब्रायन वारला आणि त्याचे तंबूही काही वर्षांत मोटार व रेडिओपुढे मोडले.

रेडिओने जुनी सोय पुन्हा बांधण्याचा एक मनापासून प्रयत्न केला. ३० मे १९३५ रोजी जॉर्ज डेनी यांनी न्यू यॉर्कच्या टाउन हॉलमधून ‘अमेरिकाज टाउन मीटिंग ऑफ द एअर’ सुरू केली. हे सभागृह स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्यांच्या संस्थेने १९२१ मध्ये बांधलेले. पहिल्याच दिवशी फॅसिझम, साम्यवाद, समाजवाद आणि लोकशाही यांपैकी अमेरिकेची वाट कोणती, यावर चार बाजूंचे चार वक्ते बसवले होते. सभेतले श्रोते आधी न ठरवलेले प्रश्न विचारत, देशभर लोक गट करून ऐकत आणि कार्यक्रम संपल्यावर आपापसांत वाद घालत. १९५६ मध्ये तो बंद पडला. तोवर एक नियम मागे उभा होता. प्रसारणाचा परवाना घेणाऱ्याने सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त प्रश्नांना वेळ द्यावा आणि विरोधी मतेही ऐकवावीत, असे केंद्रीय दळणवळण आयोगाने १९४९ मध्ये बजावले होते. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. रेड लायन खटल्यात हा नियम उचलून धरताना प्रेक्षक-श्रोत्यांचा हक्क प्रसारकाच्या हक्कापेक्षा वरचा मानला, आणि ब्रँडेनबर्ग खटल्यात तात्काळ हिंसेला चिथावणी नसेल तर कितीही कडवट भाषणाला संरक्षण दिले. दुसरा निकाल आजही भक्कम उभा आहे. पहिल्या निकालातला नियम आयोगाने स्वतःच १९८७ च्या ऑगस्टमध्ये काढून टाकला. त्याआधी जूनमध्ये तो कायद्यात घालण्याचे काँग्रेसचे विधेयक राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नाकारले होते. १९८८ मध्ये रेडिओवक्ता रश लिंबॉ याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला आणि एकाच बाजूचा एकच वक्ता तासन्‌तास ऐकवणारी केंद्रे त्याच्या मागोमाग वाढली. १८३८ च्या फिलाडेल्फियात वक्त्याला कायद्याचे पाठबळ जवळजवळ नव्हते आणि दोन हजार सामान्य माणसांनी वीस-वीस डॉलर काढून त्याच्यासाठी सभागृह बांधले होते. १९८८ मध्ये वक्त्याला इतिहासात कधी नव्हते इतके कायद्याचे पाठबळ होते, आणि विरोधी बाजू श्रोत्याच्या कानावर घालण्याची जबाबदारी आता कोणावरच उरली नव्हती.